रूळ गेले, वाट राहिली
न्यूझीलंडच्या द्राक्षभूमीतील सायकलमार्ग

न्यूझीलंड म्हटले की हिरवी कुरणे आणि चोहीकडचा समुद्र डोळ्यांसमोर येतो. परंतु त्या देशाच्या दक्षिण बेटाच्या पोटात या चित्राला न शोभणारा एक प्रदेश आहे. त्याचे नाव सेंट्रल ओटागो. पश्चिमेकडील उंच पर्वतरांग पावसाचे ढग अडवून धरते. त्यामुळे येथील अलेक्झांड्रा गावी वर्षाकाठी जेमतेम ३५० मिलिमीटर पाऊस पडतो. न्यूझीलंडमधील समुद्रापासून सर्वांत दूरचे स्थानही याच भागात आहे. ते अंतर सुमारे १२० किलोमीटर भरते. उन्हाळ्यात टेकड्या तांबूस-पिवळ्या होतात आणि हिवाळ्यात दऱ्या गोठतात. या प्रदेशातील रॅनफर्ली गावाजवळ १९०३ साली उणे २५.६ अंश तापमानाची नोंद झाली, आणि देशातील नीचांकाचा मान आजही त्याच नोंदीकडे आहे.

अशा रुक्ष, विरळ वस्तीच्या भूमीत आज जगभरातून माणसे येतात, आणि येतात ती सायकल चालवायला. मोटारींना पूर्ण मज्जाव असलेल्या, बारीक खडी दाबून तयार केलेल्या वाटा येथे नदीकाठाने, द्राक्षमळ्यांतून आणि ओसाड माळरानांतून शेकडो किलोमीटर गेल्या आहेत. त्यांतील मुख्य वाट एका बंद पडलेल्या लोहमार्गाची आहे. सरकारी हिशेबातून निर्लेखित झालेली ही मालमत्ता पुन्हा उत्पन्नाची कशी झाली, आणि ते उत्पन्न कोणाच्या घरी गेले, ही हकीगत व्यापारउदीम करणाऱ्या कुटुंबांनी मुद्दाम वाचावी अशी आहे.

बेचाळीस वर्षांचा लोहमार्ग

१८६२ च्या हिवाळ्यात हार्टली आणि रायली हे दोन खाणकरी क्लूथा नदीच्या घळईत गुपचूप काम करीत होते. ऑगस्टमध्ये त्यांनी डनेडिन शहरात येऊन ८७ पौंड सोने सरकारी कचेरीत जमा केले. बातमी फुटताच हजारो माणसे या निर्जन खोऱ्याकडे धावली. तंबूंची गावे उभी राहिली. त्यांतीलच एक डन्स्टन. पुढे त्याचे नाव क्लाइड झाले.

काही वर्षांत वरचे सोने ओसरले. मागे राहिलेल्या वस्तीला मेंढपाळी, गहू आणि फळबागा यांचा आधार होता. पण माल बंदरापर्यंत नेण्याची सोय नव्हती. म्हणून १८७९ साली डनेडिनजवळून रेल्वेचे काम सुरू झाले. १८९१ साली ती मिडलमार्चला, १९०७ साली क्लाइडला आणि १९२१ साली क्रॉमवेलला पोहोचली. सुमारे २३५ किलोमीटरच्या या मार्गाला बेचाळीस वर्षे लागली. लोकर, जनावरे, जर्दाळू आणि माणसे यांची ने-आण करीत तो पुढील अर्धे शतक चालला. मग रस्ते सुधारले, मालमोटारी आल्या आणि गाड्यांना माल मिळेनासा झाला.

त्याच्या अखेरीत एक विलक्षण योगायोग आहे. क्लाइड येथे क्लूथा नदीवर मोठे धरण बांधायचे ठरले, तेव्हा धरणाच्या जलाशयात बुडणारा क्रॉमवेल ते क्लाइड हा टप्पा १९८० साली बंद करण्यात आला. उरलेला मार्ग मात्र धरणाचे साहित्य वाहून आणण्यासाठी चालू राहिला. ते काम सरले आणि १९९० साली मार्गही संपला. ज्या धरणाने त्याचे एक टोक गिळले, त्यानेच काही काळ त्याला जगवले.

रूळ काढले, स्लीपर विकले गेले. त्या सुमारास ग्रामीण न्यूझीलंड एका मोठ्या धक्क्यातून जात होता. १९८४ नंतर सरकारने शेतीची अनुदाने बंद केली होती. १९८८ साली एका फटक्यात शेकडो टपाल कचेऱ्यांना कुलूप लागले होते. जेथे आगगाडी नाही आणि टपाल कचेरीही नाही, तेथे शाळा आणि दुकान किती दिवस टिकणार, हा प्रश्न या खोऱ्यातील प्रत्येक गावासमोर उभा होता.

१९९३ साली देशाच्या संवर्धन खात्याने रुळांखालची जमीन ताब्यात घेतली आणि पायी, सायकलने व घोड्यावरून जाणाऱ्यांसाठी तेथे वाट करण्याचे ठरवले. पुढच्याच वर्षी स्थानिक मंडळींनी या कामासाठी एक न्यास स्थापन केला. सगळे शेतकरी आनंदले असे नव्हे. परकी माणसे शेताच्या मधोमध येतील, मेंढ्या बुजतील, फाटके उघडी राहतील, कोरड्या गवताला आग लागेल, अशा शंका होत्या आणि त्या अगदीच निराधार नव्हत्या. तरीही पुलांना फळ्या व कठडे बसले, मोठी गिट्टी हलवून बारीक खडी पसरली गेली, आणि फेब्रुवारी २००० मध्ये क्लाइड ते मिडलमार्च ही १५२ किलोमीटरची वाट औपचारिकपणे खुली झाली.

घळईतील नवी वाट

आज या प्रदेशाचा प्रवास क्रॉमवेलपासून सुरू करणे सोयीचे. धरणाचा जलाशय १९९२-९३ मध्ये भरला तेव्हा क्रॉमवेलची जुनी मुख्य पेठ पाण्याखाली गेली. काही जुन्या इमारती काठावर पुन्हा उभारून जतन केल्या आहेत. घळईतील जर्दाळूच्या प्रसिद्ध बागाही बुडाल्या. या धरणाचा पाणीपरवाना न्यायालयात अडला, तेव्हा सरकारने १९८२ साली खास कायदा करून तो मिळवला. पुढे घळईच्या दरडी सरकण्याचा धोका दिसल्यावर त्या आवरण्यासाठी प्रचंड खर्च करावा लागला. जलाशयाचे निळेशार, निश्चल पाणी पाहताना या गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

मे २०२१ मध्ये या जलाशयाच्या काठाने क्लाइडपर्यंत नवी सायकलवाट खुली झाली. आरंभी ती बॅनकबर्नच्या द्राक्षमळ्यांजवळून जाते. येथील मळ्यांच्या काही जमिनी एके काळी सोन्यासाठी पाण्याच्या झोताने खरवडून काढलेल्या होत्या. त्या कापलेल्या, उघड्या टेकड्या आजही शेजारी दिसतात. पुढे घळई अरुंद होते. जेथे पाऊल ठेवायलाही जागा नव्हती, तेथे उभ्या कड्यात लोखंडी आधार रोवून फळ्यांचे सज्जे पाण्यावर काढले आहेत. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली तळ न दिसणारे पाणी. मधल्या एका ओढ्यावर सुमारे ८५ मीटर लांबीचा झुलता पूल आहे. वाटेत सोनेकऱ्यांचे दगडी आडोसेही दिसतात. त्यांतील कित्येक चिनी होते. १८६५ नंतर डनेडिनच्या व्यापारी मंडळाच्याच निमंत्रणावरून ते या प्रांतात येऊ लागले, आणि १८८१ साली त्याच देशाने चिनी माणसावर १० पौंडांचा प्रवेशकर बसवला. त्याबद्दल न्यूझीलंडच्या सरकारने २००२ साली जाहीर क्षमायाचना केली.

द्राक्षे येथे फार जुनी आहेत आणि तरीही नवी आहेत. झां देझिरे फेरो नावाच्या फ्रेंच माणसाने १८६० च्या दशकात क्लाइडजवळ वेली लावल्या. तोच पुढे त्या गावचा पहिला नगराध्यक्ष झाला. १८९५ साली रोमिओ ब्रागातो या तज्ज्ञाने ही भूमी द्राक्षाला अत्यंत अनुकूल असल्याचा अभिप्राय दिला. तरीही सोने, मेंढ्या आणि जर्दाळू यांच्यापुढे जवळजवळ शंभर वर्षे कोणी त्याकडे गांभीर्याने पाहिले नाही. आताचे मळे १९८० च्या दशकानंतरचे. जगातील सर्वांत दक्षिणेकडील द्राक्षप्रदेशांत त्यांची गणना होते. येथील बहुतांश द्राक्षे मद्यनिर्मितीकडे जातात; पण मळ्याची शेती पाहण्यासाठी त्याच्याशी संबंध येण्याचे कारण नाही. ज्यांना फळांचा आस्वाद घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी डिसेंबर-जानेवारीत चेरी आणि पाठोपाठ जर्दाळू रस्त्याकडेच्या फळविक्री केंद्रांवर मिळतात.

या बागायतदाराचा मुख्य शत्रू हिमदहन. सप्टेंबर-ऑक्टोबरात कोवळी फूट निघते आणि नेमकी त्याच दिवसांत रात्री पारा शून्याखाली उतरतो. मग मळ्यात उभे केलेले मोठे पंखे सुरू होतात. ते वरच्या थरातील उबदार हवा खाली ढकलतात. काही ठिकाणी हेलिकॉप्टर भाड्याने घेऊन हेच काम करतात. काही शेतकरी वेलींवर रात्रभर पाणी फवारतात. पाणी गोठताना जी उष्णता बाहेर पडते, तिच्यामुळे बर्फाच्या कवचातला कोंब वाचतो. बर्फाने बर्फापासून रक्षण करण्याची ही युक्ती पहाटे मळ्याशेजारून जाणाऱ्या प्रवाशाला प्रत्यक्ष दिसू शकते.

क्लाइड ते मिडलमार्च

क्लाइडला जुन्या लोहमार्गाची वाट सुरू होते. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून मार्ग आखणाऱ्यांनी ५० मीटरला १ मीटर यापेक्षा अधिक चढ कोठेही ठेवला नव्हता. त्यांची ती काटकसर आज साठी ओलांडलेल्या सायकलस्वाराच्या गुडघ्यांना उपयोगी पडते. क्लाइड समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटरवर आहे आणि वाटेचा माथा ६१८ मीटरवर. हा चढ दोन-तीन दिवसांत अशा बेताने विभागला जातो की तो चढ आहे हे कळतही नाही. कळतो तो वारा. उघड्या पठारावर तो समोरून आला तर सपाटीवरही दम काढतो.

अलेक्झांड्रानंतर मनुहेरिकिया नदीची सोबत मिळते. नोव्हेंबरात टेकड्यांवर रानटी थाइम जांभळा फुलतो आणि उन्हात त्याचा ओव्यासारखा वास दरवळतो. ही वनस्पती सोन्याच्या काळात वसाहतकऱ्यांबरोबर आली आणि येथे रानोमाळ पसरली. ओमाकाऊ आणि लॉडर ही छोटी गावे मागे टाकली की पूलबर्न घळई येते. येथे दोन बोगदे आणि सुमारे ३७ मीटर उंचीचा दगडी खांबांवरचा पूल आहे. बोगद्यांत दिवे नाहीत; विजेरी लावून सायकल हातात धरून चालावे. अंधारात हाताने कोरलेल्या खडकाचा गारवा अंगाला लागतो, आणि पलीकडे उजेडात येताच आयडा खोऱ्याचे सपाट, विस्तीर्ण रूप समोर उलगडते.

या खोऱ्यातील ओटुरेहुआ हे वस्तीने अगदी लहान गाव, पण व्यापारी मनाच्या प्रवाशाने येथे थांबलेच पाहिजे. अर्नेस्ट हेज या गिरणीकामगाराने १८९५ साली येथे शेतीची अवजारे बनवण्यास सुरुवात केली. कुंपणाची तार ताणण्याचे त्याचे उपकरण पुढे दूरदूरच्या देशांत विकले गेले. परंतु आरंभी गिऱ्हाईक मिळवले ते त्याच्या पत्नीने. हॅना हेज घर-संसार सांभाळून सायकलवर निघत असे आणि कच्च्या रस्त्यांनी मळ्यामळ्यांवर जाऊन मागण्या नोंदवून आणत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, स्त्रियांनी सायकल चालवणे हेच जेथे नवलाचे होते, तेथे ही बाई फिरती विक्रेती झाली. पती-पत्नींचा तो कारखाना आज वारसावास्तू म्हणून जपला असून जुने पट्टे आणि चाके अजूनही फिरवून दाखवतात. गावातच एक किराणा दुकान आहे. ते शंभराहून अधिक वर्षे अखंड चालू आहे. जुने लाकडी कपाट, गल्ला आणि डबे यांच्यामध्ये आज सायकलस्वारांसाठी थंड पेये आणि आइस्क्रीम असते.

वेडरबर्नला माथा ओलांडून वाट मानिओटोटो पठारावर उतरते. येथील हिरवे मालगुदाम चित्रकार ग्रॅहॅम सिडनी यांनी १९७५ च्या सुमारास रंगवले आणि ते देशभर परिचित झाले. रेल्वे बंद पडल्यावर गुदाम दुसरीकडे हलवले गेले होते. वाट झाल्यावर गावकऱ्यांनी ते पुन्हा मूळ जागी आणून ठेवले. पुढे रॅनफर्ली, टायरी नदीचे संथ वळण आणि हाइड. हाइडजवळ ४ जून १९४३ रोजी एक प्रवासी गाडी अतिवेगाने वळणावर घसरली आणि २१ माणसे मृत्यू पावली. तेथे दगडी स्मारक आहे. तेथून मिडलमार्चपर्यंत डोंगराच्या पायथ्याने सरळ, मोकळी वाट जाते.

नदीच्या उताराने

ज्यांच्याकडे आणखी दोन-तीन दिवस आहेत, त्यांच्यासाठी अलेक्झांड्राहून दुसरी वाट क्लूथेच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे जाते. ही नदी ३३८ किलोमीटर लांब असून पाण्याच्या प्रमाणात देशात पहिली आहे. माओरी भाषेत तिचे नाव माता-औ. रॉक्सबर्ग घळईच्या मधल्या सुमारे १२ किलोमीटरच्या भागात वाट नाही. तेथे सायकलीसह यांत्रिक नावेने जावे लागते. पुढे सफरचंदांच्या बागा, लहान गावे आणि रुंद हिरवी नदी पाहत ७३ किलोमीटरवर लॉरेन्स हे गाव येते. या दोन्ही वाटा २०१३ साली खुल्या झाल्या.

लॉरेन्सजवळच्या ओढ्यात मे १८६१ मध्ये गॅब्रिएल रीडला सोने सापडले आणि ओटागोची सोन्याची लाट सुरू झाली. ओढ्याला त्याचे नाव मिळाले, त्याला सरकारी बक्षीसही मिळाले. परंतु त्या परिसरात सोने असल्याची वार्ता रीडला ज्याच्याकडून कळली, तो माणूस भारतातून आलेला होता. एडवर्ड पीटर्स १८५३ साली जहाजाने येथे आला, शेतमजुरी करीत राहिला आणि रीडच्या आधी काही वर्षे तुआपेका नदीच्या परिसरात त्याला सोने आढळले. लोक त्याला ‘ब्लॅक पीटर’ म्हणत. शोधाचे बक्षीस त्याला मिळाले नाही. १८९३ साली डनेडिनच्या अनाथाश्रयात तो निवर्तला. सोन्यामुळे डनेडिन देशातील सर्वांत मोठे शहर झाले आणि देशातील पहिले विद्यापीठ १८६९ साली तेथे स्थापन झाले. भारतीय प्रवाशाने लॉरेन्सला पोहोचल्यावर पीटर्सचे नाव एकदा तरी उच्चारावे.

जमाखर्च

या भूमीतून सोन्याची संपत्ती निघाली ती बहुतेक बाहेर गेली. धरणाची वीजही तारांवाटे दूर जाते. खडीच्या वाटेचे अर्थकारण निराळे आहे. वाटेवर प्रवेशशुल्क नाही. तिची देखभाल संवर्धन खाते करते आणि न्यास सोयी-सुविधांसाठी निधी उभा करतो. पैसा गोळा होतो तो वाटेच्या शेजारी. दिवसाला ३०-४० किलोमीटर जाणारा माणूस दर काही तासांनी भुकेला असतो आणि दर संध्याकाळी त्याला निवारा लागतो. मोटारीतला प्रवासी ज्या गावातून दोन मिनिटांत निघून जातो, तेथे सायकलस्वार जेवतो, झोपतो आणि सकाळी न्याहारी करून निघतो. त्यामुळे बंद पडू लागलेल्या खाणावळी सावरल्या, रिकाम्या शाळा आणि मेंढपाळांची घरे पाहुण्यांसाठी सजली, सायकली भाड्याने देण्याचा आणि सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवण्याचा व्यवसाय उभा राहिला. सुरुवातीला साशंक असलेल्या शेतकऱ्यांपैकी काहींनी आपल्याच घरात दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. २००९ साली मंदीच्या काळात पंतप्रधान जॉन की यांच्या सरकारने देशभर सायकलवाटांसाठी ५ कोटी डॉलरची योजना आखली. तेव्हा या वाटेचेच उदाहरण समोर होते. आज अशा वीसहून अधिक राष्ट्रीय वाटा न्यूझीलंडमध्ये आहेत.

या हिशेबाला खर्चाची बाजूही आहे. हे उत्पन्न हंगामी असते. हिवाळ्यात गल्ले शांत असतात. पाहुण्यांच्या खोल्यांसाठी घरे घेतली गेली की तरुण कुटुंबांना भाडे परवडत नाही. सर्वांत अवघड प्रश्न पाण्याचा आहे. सोनेकऱ्यांनी खणलेले पाट पुढे शेतीच्या कामी आले आणि त्यांचे जुने हक्क २०२१ सालापर्यंत चालत आले. आता नवे परवाने देताना मनुहेरिकिया नदीत किमान किती पाणी वाहते ठेवावे, यावरून शेतकरी, माओरी समाज आणि निसर्गप्रेमी यांच्यात दीर्घ वाद चालला आहे. नदीच आटली तर मळा राहणार नाही आणि तिच्या काठची वाटही कोणी चालणार नाही, हे तिन्ही पक्ष जाणतात. तोडगा कठीण आहे तो वाट्याच्या प्रमाणावर.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर ते एप्रिल हा योग्य काळ. एप्रिलमध्ये मळे आणि पॉप्लर वृक्ष सोनेरी होतात. क्वीन्सटाउन विमानतळापासून क्रॉमवेल सुमारे ६० किलोमीटरवर आहे. क्लाइड ते मिडलमार्च हा प्रवास बहुतेक लोक तीन ते पाच दिवसांत करतात. बॅटरीवर चालणाऱ्या सायकली भाड्याने मिळत असल्यामुळे आजी-आजोबांनी नातवंडांबरोबर जाण्यास अडचण नाही. शिरस्त्राण कायद्याने सक्तीचे आहे. लहान गावांतील स्वयंपाकघरात सामग्री मोजकी असते. शाकाहाराच्या आपल्या मर्यादा मुक्काम ठरवतानाच कळवाव्यात. घरून नेलेला फराळ, धान्य, मसाले हे सर्व विमानतळावरील पत्रकात जाहीर करावे. लपवल्यास जागेवरच ४०० डॉलर दंड होतो. जुन्या स्थानकांवर शिक्के ठेवलेले आहेत. न्यासाची छोटी पारपत्र-पुस्तिका घेतली तर प्रत्येक गावाचा ठसा तीवर उमटवता येतो, आणि मुलांना त्याची मोठी हौस वाटते.

वाट अनेक ठिकाणी खासगी शेतांमधून जाते. तेथील नियम एकच आहे : फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ठेवावे, उघडे असेल तर उघडे, लावलेले असेल तर लावून पुढे जावे. ज्या शेतकऱ्यांना पंचवीस-तीस वर्षांपूर्वी परक्या माणसांची धास्ती वाटत होती, त्यांच्याशी झालेला सौदा अजून या एका नियमावर चालला आहे.